तरणी राखलेली आंबील

“अजून गोडच हाय की रे ही,” द्वारकाबाई म्हणाली आणि करवंटी तिनं पुन्हा मडक्यात बुडवली. “मी म्हणलं, आतापस्तोर शिरका झाला असंल. ही तर चांगली तरणी हाय. भुजंगा, उद्या सुपारी फोडायला पाव्हणे येऊन राह्यले, त्येंला हीच देऊ. भाईरून कशाला इकत आणायची?”

भुजंग कापसाच्या जिनात कामावर जायला निघाला होता. टोपी डोक्यावर बसवता बसवता त्याचा हात तसाच वर राहिला. त्या मडक्याला आजवर आक्कानं, त्याच्या या थोरल्या बहिणीनं, कधी हात लावला नव्हता. त्याची बायको नंदा माहेरी गेल्यापासून तर ‘तिचं घाण मडकं’ याखेरीज दुसरं नाव तिनं त्याला दिलं नव्हतं, आणि आता तीच कोपऱ्यात उकिडवी बसून, ओठाला लागलेला फेस पदरानं पुसत, उद्याच्या पाहुण्यांचा हिशेब त्या मडक्यावर मांडत होती. ठेव ती करवंटी खाली, असं म्हणायला काही जीभ झडत नव्हती. पण भुजंगनं तोंडात मिठाची गुळणी धरली. ती धरायची सवय त्याला इतकी जुनी होती की आताशा मिठाची चवही कळत नसे. “न्हाई का?” द्वारकाबाईनं विचारलं. त्यानं मान हलवली. ती मान हो म्हणाली की नाही म्हणाली, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. द्वारकाबाईनं मात्र ती हो धरली. गेली कित्येक वर्षं ती त्याची मान अशीच आपल्या सोयीनं वाचत आली होती आणि संसार चालला होता. मग ती पिशवी घेऊन सुपारी-खोबरं आणायला बाजारात गेली, आणि भुजंग त्या मडक्यासमोर एकटा राहिला. वर फडकं नव्हतं. आत बारीक आवाज चालला होता.

ही आंबील म्हणजे लोक सकाळी मीठ-ताक घालून पितात ती पातळ आंबील नव्हे. नंदाच्या माहेरची, टेंभुर्णीची ही मोडाची आंबील. ज्वारी भिजवून तिला मोड आणायचे, उन्हात वाळवायची, जाडसर भरडून शिजवायची, आणि कोमट झाली की उघड्या हातानं कालवून मडक्यात ओतायची. विरजण म्हणून वेगळं काही घालायचं नाही. मडकंच विरजण. ते कधी धुवायचं नाही. तळाचा गाळ तसाच राखायचा. त्या गाळात आणि मातीच्या भोकाभोकांत जे काय राहत असेल ते राहतं, ते पुढचं सगळं करतं. लग्न होऊन नंदा जुन्या जालन्यातल्या या खोलीत आली ती भांड्याकुंड्यांबरोबर हे काळंमिचकूट मडकं कडेवर घेऊन. द्वारकाबाईनं पहिल्याच दिवशी ते राखेनं घासायला काढलं होतं, आणि नवी नवरी असून नंदा मध्ये आडवी झाली होती. “वन्सं, बाकी सगळे भांडे घासा, माझ्या अंगावरचं लुगडं बी धुवायला न्या, पर ह्येला पाणी लागू देऊ नका.” गल्लीतल्या बाया हसल्या होत्या. भुजंगही हसला होता, पण त्याला ते आवडलं होतं. आपल्या घरात कुणी ‘नको’ असं स्वच्छ म्हणतं, याचंच त्याला मोठं नवल वाटलं होतं.

आंबिलीचं वय त्याला नंदानं शिकवलं. पहिली कोवळी, तिला हुरड्याच्या दुधासारखी गोडी, ती पोरंही पितात. मग तरणी. ती मडक्यात बोलते, फडकं वर उचलते, नाकात झोंबते, दोन करवंट्यांत माणसाला गाणं सुचतं. इथवर कुणालाही कळतं. पुढचं मात्र टेंभुर्णीच्या त्या एका घरालाच ठाऊक. तरणी सरली की ती आजारी पडते. पहिल्या वर्षी भुजंगनं फडकं काढलं तर आंबील बुळबुळीत झालेली, करवंटी उचलली की तार लागायची, वास ओल्या चामड्याचा. “गेली ही,” म्हणून तो मडकं उचलून मोरीकडे निघाला होता. नंदानं त्याचा हात धरला. “गेली न्हाई. ताप आलाय तिला. आपुन तापातल्या माणसाला उकिरड्यावर टाकतो का? झाका, आन् हात लावू नका. रोज उघडून बघायचं बी न्हाई.” त्यानं झाकलं. आणि बऱ्याच दिवसांनी, तो विसरूनही गेल्यावर, तिनं एका दुपारी करवंटी पुढं केली. ती जाणती झालेली आंबील होती. निवळशंख, आंबट, आणि त्या आंबटाच्या मागून वाळल्या बोरांची, कडब्याची अशी काहीतरी चव येत होती की तो करवंटी रिकामी करूनही बराच वेळ ती हातात धरून बसला. “ही लई दिस टिकते,” नंदा म्हणाली होती. “फकस्त निवांत ठिवली पाह्यजे. मंग कवातरी म्हातारी होती. म्हातारी मिरच्यात घालायची.”

मूल झालं नाही. एवढं एकच वाक्य, पण द्वारकाबाई ते दळणात, निवडण्यात, पाणी भरण्यात सगळीकडे घालू लागली. तिला दुष्ट म्हणता येणार नाही. प्लेगात आई-बाप एकाच आठवड्यात गेले तेव्हा सारा गाव घरं सोडून रानात झोपड्यांत राहायला गेला होता, आणि ही अजून लुगडं नीट नेसता न येणारी पोर भावाला पाठुंगळीला मारून कुंडलिका नदी उतरून गेली होती. भुजंगला त्यातलं एवढंच आठवे: तिच्या पाठीचा घाम, आणि नाकाशी येणाऱ्या तिच्या केसांचा धुरकट वास. पुढं तिचं लग्न झालं, कुंकू पुसलं गेलं, आणि ती परत त्याच्याकडेच आली. त्या पाठीला तो नाही कसा म्हणणार? दिवाळी झाली आणि तिनं जाफराबादेकडची एक मुलगी काढली. नंदासमोरच बोलली, आडून काही नाही. “नंदाला कोन हाकलून राह्यलं? ती बी राहील, तिचा मान तिला. वर एक आणू. घर चालतं राह्यलं पाह्यजे का न्हाई?” नंदा तेव्हा आंबील कालवत होती. कोपरापर्यंत हात भरलेले होते. तिनं नणंदेकडे पाहिलंच नाही, नवऱ्याकडे पाहिलं. “तुम्ही बोला,” ती म्हणाली. “मला काय लांबण लावायची न्हाई. एक शबुद बोला.” आणि भुजंग मडक्याच्या कडेला जमणाऱ्या फेसाकडे पाहत राहिला. बुडबुडा फुगे, चकाके, फुटे. तो फुटल्यावर बोलू असं त्यानं मनाशी ठरवलं. मग पुढचा फुटल्यावर. फेसाला काय, अंत नव्हता. नंदानं हात धुतले, दुसरं एक मडकं काढलं आणि त्याच आंबिलीचे, गाळासकट, दोन वाटे केले. जुनं मडकं तिथंच ठेवलं, दुसरं उचलून कडेवर घेतलं. “ही तुमची, ही माझी. एकाच हाताची, एकाच दिसाची हाय. ही म्हातारी व्हायच्या आत मला न्यायला या. मंग काय बोलायचं ते बोलूनच या. म्हातारी झाली का येऊ नका.” दाराशी ती थांबली होती. तिला वाटलं असेल, आता तरी. भुजंगला आठवतं, तिच्या कोपरावर एक मोडाचा दाणा चिकटलेला होता. त्यानं तोही सांगितला नाही.

जायचं तर होतंच. कोण म्हणतं जायचं नव्हतं? पण आक्काशी बोलून जायचं होतं, आणि आक्काशी बोलायला बरा दिवस लागतो. जिनात कापसाचा हंगाम भरात होता, मग आक्काचे गुडघे धरले, मग संक्रांत आली आणि सणाच्या तोंडावर वाकडं कशाला बोला. घोडंमैदान जवळच होतं, पण याचं घोडं खुंट्यालाच. तोवर त्याला एकच आधार होता. रोज सकाळी तो मडक्यात बोट बुडवून चाटून पाही. कोवळी होती तेव्हा त्याला हसू आलं; किती वेळ आहे! तरणी झाली तेव्हाही वेळ होता. मग एका सकाळी बोटाला तार आली. ओल्या चामड्याचा वास आला. नंदानं सांगितलेलं त्याला शब्दन् शब्द आठवत होतं: ताप आहे, झाकून ठेवा. तरी त्यानं बोट पुन्हा पुन्हा बुडवून हुंगलं. नंदा होती तेव्हा तो ताप नंदाच्या भरवशावर होता. आता तो एकट्याच्या अंगावर होता. हा तापच कशावरून? ही मेलीच असली तर? म्हातारी होऊन पार गेली असली तर? तिकडे टेंभुर्णीत तीही बोट बुडवून बसली असेल, आणि म्हणाली असेल, संपलं. दिवसभर मशिनीवर कापूस ओढताना त्याच्या नाकात तो चामड्याचा वास भरून राहिला. संध्याकाळी त्यानं वाटेत गूळ घेतला, मोडाची भरड घेतली, शिजवली, आणि झाकून ठेवायच्या मडक्यात हात घालून ती नवी भरड त्यानं जुन्यात कालवली. दुसऱ्या दिवशी मडकं बोलू लागलं. तिसऱ्या दिवशी फेस आला. आंबील पुन्हा तरणी झाली आणि भुजंगला इतकं हलकं वाटलं की तो आक्काशी हसून बोलला. बोलायचं होतं ते सोडून.

मग तेच चाललं. चव जरा आंबटावर झुकली की गूळ, जरा जड झाली की भरड. थोडं काढून टाकायचं, थोडं नवं घालायचं. त्याच्या लेखी त्यानं काळाच्या नाकात वेसण घातली होती. शिमगा तोंडावर आला, उन्हं तापली, पळसाला फुलं आली, पण मडक्यात अजून दिवाळीचाच पाडवा चालू होता. आपण कुणाला फसवत नाही, असं तो स्वतःला बजावी. आपण तर तिची आठवण जिवंत ठेवतो आहोत. आणि आज आक्कानं ती जिवंत आठवण करवंटीनं मापून पाहुण्यांत वाटायचं ठरवलं होतं. एवढी खटपट करून आपण जे राखलं ते काय राखलं, तर आपल्याच दुसऱ्या लग्नाचं पेय. भुजंग मडक्यापाशी खाली बसला. तिकडून, नदीपलीकडून, नवीन जालन्यातून जिनाचा भोंगा झाला. त्यानं सवयीनं मडक्यात बोट बुडवून चाटलं. गोड होतं. कालच्यासारखंच, परवासारखंच गोड. आणि त्याच्या ध्यानात आलं की नंदाच्या हाताची आंबील कशी लागायची हे त्याला आता आठवत नाही. जीभ टाळूला लावून, डोळे मिटून त्यानं शोधलं. वाळली बोरं, कडबा, ही नावं आठवत होती. चव आठवत नव्हती. तेव्हा मात्र तो घाबरून उठला. मडक्याला त्यानं फडकं बांधलं, उचललं आणि मागं न बघता निघाला.

पुलावरून जाताना जिनाचे दोन-चार जण भेटले, कुठं म्हणून विचारलं. त्याला सांगता आलं नाही. स्टेशनासमोर टेंभुर्णीकडे जाणारी सर्व्हिस मोटार उभी होती. तिचा ड्रायव्हर अजमत त्याच्या ओळखीचा, सरकीची पोती न्यायला जिनात येणारा. त्यानं मडक्याकडे एकदा आणि भुजंगच्या तोंडाकडे एकदा पाहिलं.

“क्या लेको जारा रे भुजंग? तेरा मटका तो बडबड कर रा.”

“घरचं हाय.”

“ससुराल कू? भाभी कू लाने?” अजमतला आनंद झाला. “बराबर है. इत्ते दिन लगाया क्या रे एक बाई कू लाने कू? बैठ. शाम कू येइच गाडी वापस आती. दो जागा पकड को रखता मैं. बिलकुल सामनेवाली.”

मोटार निघाली आणि मडकं जागं झालं. रस्ता असा की दात दातावर आपटावेत. त्यात वरून ऊन, आणि आत सकाळी आक्कानं ढवळलेला, परवाच गूळ खाल्लेला तो तरणेपणा. फडकं फुगू लागलं. भुजंगनं वर तळवा दाबला तर तळव्याला आतून धक्का बसू लागला. मांडीवर तापलेलं लेकरू घेऊन बसावं तसा तो अंग चोरून बसला, आणि हे मनात आलं तसं त्याला न झालेल्या लेकराचंही आठवलं. शेजारच्या म्हाताऱ्यानं धोतर सावरून सरकून घेतलं. एक बाई पदरात हसली. फेस फडक्यातून झिरपून त्याच्या गुडघ्यावर, पायावर ओघळू लागला, माश्या आल्या, सगळ्या मोटारीत आंबूस-गोड वास भरला. त्याला कशाचीच लाज वाटत नव्हती. तो मनाशी बोलणं जुळवत होता. बघ, अजून म्हातारी झालेली नाही. मी मुदतीत आलो. चल. तू दाराशी उभी दिसलीस की आक्का काय बोलणार? पाहुणे काय बोलणार? तुला पाहिलं की ते आपोआप उठून जातील. कुणाला काही बोलावंच लागणार नाही. हे त्याला फार पटलं. इतकं पटलं की शेवटच्या चढावर मोटार कण्हत असताना त्याला आयुष्यात पहिल्यांदा आपण काहीतरी करतो आहोत असं वाटलं.

नंदा अंगणात लाल मिरच्या वाळत घालत होती. तिची आई, साळूबाई, ओसरीवर सूप घेऊन बसली होती. जावयाला पाहून ती उठली, “पाणी दे त्येंला,” एवढं लेकीला म्हणाली आणि आत गेली. नंदा वाळली होती. उन्हानं रापली होती. तिनं तांब्या आणून ठेवला आणि त्याच्या मडक्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर काहीतरी उजळल्यासारखं झालं. तेवढं भुजंगनं नक्की पाहिलं. पुढं तो तेच कितीदा तरी आठवणार होता.

“लई उशीर केला,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता.

“पर येळेत आलो,” तो घाईनं म्हणाला आणि फडक्याची गाठ सोडू लागला. “बघ ना तू. म्हातारी झाली न्हाई अजून. चाखून बघ.”

फेस कडेवरून खाली आला. नंदा वाकली. तिनं आधी वास घेतला, मग बोट बुडवून जिभेवर टेकवलं आणि तशीच थांबली. अंगणात मिरच्यांचा तिखट वास उठत होता. मग तिनं बोट पदराला पुसलं.

“गूळ कवापासून घालून राह्यले?”

भुजंग तिच्या पायाकडे पाहू लागला.

“ज्वारी बी यंदाची हाय,” ती म्हणाली. “ह्यात माझ्या हाताचं काई उरलं न्हाई.” उठून ती आत गेली. आतून तिनं करवंटी भरून आणली आणि त्याच्यापुढं धरली. “ही प्या. ही माझी. त्याच दिसाची.”

ती निवळ होती. तिच्यावर साधा बुडबुडाही नव्हता. तो प्याला. आधी आंबट आलं, जिभेच्या दोन्ही कडा धरून आलं, डोळ्यांत पाणी आणणारं. मग ते आंबट बाजूला झालं आणि मागून एकेक येऊ लागलं: वाळलं बोर, कडब्याची गंजी, जू घासलेल्या बैलाच्या खांद्याचा वास, आणि त्याच्याही मागं, अगदी घशाखाली उतरताना, गोडी नव्हे पण इथं एकदा गोडी होती एवढी ओळख. हीच ती चव. आज सकाळी जीभ टाळूला लावून शोधली आणि सापडली नाही ती. दिवाळीपासूनचे सगळे दिवस त्या करवंटीत होते. तो ज्या ज्या दिवशी आला नाही तो प्रत्येक दिवस तिथं मुरलेला होता. भुजंगला रडू फुटलं, आणि पुरुषानं अंगणात रडू नये हे त्याला त्या वेळी सुचलं नाही.

“आजारी पडल्ती का ही?” त्यानं विचारलं.

“पडली की. तुमची बी पडली असंल.”

“पडल्ती. मी भ्यालो. म्हणलं, मेली.”

“मी बी भ्याले,” नंदा म्हणाली. “रोज वाटायचं, उघडावं. माय म्हणली, झाकून ठेव. मी हात बांधून बसले. अजून म्हातारी झाली न्हाई बघा ती. तुम्ही नुसती झाकून ठिवली असती, एकदा बी उघडली नसती, तरी तुम्ही येळेतच व्हता.”

हे ऐकून त्याला आशा वाटली. बुडत्याला काडीचा आधार, आणि याला काडीसुद्धा नंदाच्याच दारची. तो भराभर बोलू लागला. उद्या सुपारी आहे, पाहुणे येणार आहेत, संध्याकाळी मोटार आहे, अजमतनं पुढच्या दोन जागा धरल्या आहेत. “तू नुसती चल. तू दारात हुभी दिसली का आक्का गप होती बघ. कुनाला काई बोलायची गरजच पडनार न्हाई.”

“मंजी वन्संला तुम्ही न्हाई म्हणून आले न्हाई.”

“तू आल्यावर म्हणतो ना.”

“मंजी मी येऊन न्हाई म्हणायचं. तुमच्याकडनं.”

“तसं न्हाई गं. मी आजपस्तोर हो बी म्हणलो न्हाई तिला. तुझं मडकं मी एक दिस मरू दिलं न्हाई. रोज बघत व्हतो.”

नंदा हसली. “जुन्यात नवं घालून जुनं राखता येत न्हाई,” ती म्हणाली. “वन्सं तरी येगळं काय म्हणल्या? नंदा बी राहील, वर एक आणू. मी तवा वन्संवर चिडले. मला वाटलं, तुमच्या मनात ते न्हाई, तुम्ही फकस्त गप हात. तुम्ही तर घरात बसून तेच करत व्हते. रोज.”

भुजंगला ते कळलं. कुणी समजावून सांगावं लागलं नाही. आपण गुळाचा खडा मडक्यात टाकत होतो तेव्हा आपला हात आक्काचाच होता, हे त्याला इतकं लख्ख दिसलं की तो तोंड उघडून, साऱ्या अंगणाला ऐकू जाईल असं म्हणाला, “न्हाई! मी न्हाई म्हणतो. न्हाई करायचं मला लगीन. उद्या आक्काला तोंडावर सांगतो.” इतके महिने अडकलेला शब्द निघाला तो असा. ओसरीवरच्या कोंबड्या दचकून उतरल्या.

“उद्या,” नंदा म्हणाली.

तिनं त्याच्या मडक्याला हात घातला. आतली सगळी आंबील तिनं म्हशीच्या दगडी डोणीत ओतली. ती फसफसत, गोड वास सोडत पसरली. मग ती रांजणापाशी बसली आणि चुलीतली राख घेऊन तिनं मडक्यात हात घातला. भुजंगला आधी कळलंच नाही ती काय करते आहे. कळलं तेव्हा तो उठला, “नंदे, नको, पाणी लावू नको,” म्हणाला, पण त्याचा आवाज पुन्हा पूर्वीसारखा झाला होता, घशातल्या घशात. तिनं घासलं. तळाचा गाळ नखानं खरवडून काढला, काळा, चिकट, तिच्या आईच्या आणि आईच्या आईच्या वेळेपासूनचा. पाणी घातलं, खळबळून टाकलं, पुन्हा राख घेतली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. साळूबाई दारात आली, पाहिलं, आणि तोंडावर पदर घेऊन परत आत गेली. मडक्याचा आतला रंग लाल निघाला. तो लाल आहे हे भुजंगला कधी माहीत नव्हतं.

नंदानं ते उन्हात पालथं घातलं, वाळू दिलं आणि त्याच्या हातात दिलं. “न्या,” ती म्हणाली. “उद्या पाव्हण्यांला लागंल. ह्येच्यात आता काय बी भरता येतं.” मग ती मिरच्यांकडे वळली, आणि त्या एकेक करून उलटू लागली. तो थोडा वेळ उभा राहिला. तिनं पुन्हा वर पाहिलं नाही.

मोटार आली तेव्हा उन्हं उतरली होती. अजमतनं खरंच समोरच्या दोन जागा राखल्या होत्या, एकीवर आपला रुमाल टाकून. त्यानं भुजंगच्या मागं रस्त्यावर पाहिलं, मग भुजंगकडे पाहिलं, आणि रुमाल उचलून घेतला. भुजंग बसला. शेजारच्या जागेवर त्यानं मडकं ठेवलं. आता ते इतकं हलकं होतं की प्रत्येक खड्ड्याला उडत होतं, आणि त्याला ते हातानं दाबून धरावं लागत होतं. त्यात काहीही बोलत नव्हतं. जालन्याचे दिवे दिसू लागले तेव्हा, आक्का आता दाराशी बसून वाट पाहत असेल, आणि तिला काय सांगायचं, हे जुळवता जुळवता त्याचं बोट सवयीनं मडक्यात गेलं, आतून फिरलं आणि तोंडात आलं. राखेची चव लागली. ती त्यानं गिळली आणि पुन्हा बोट आत घातलं.